१९७१ : ढाक्याहून गेलेली तार आणि वॉशिंग्टनचा निर्णय

पूर्वरंग

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की या संस्थळावरची चर्चा गाझा, युक्रेन करत करत "सगळ्या महासत्ता सारख्याच" इथे येऊन थांबते. त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून एकच प्रसंग घेतो, ज्याची बहुतेक कागदपत्रं आता खुली झाली आहेत आणि ज्यात कोणाला काय, कधी कळलं होतं ते तारखेनिशी सांगता येतं : १९७१ चा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश.

आपल्याकडे ही गोष्ट बंगालच्या उपसागरात आलेल्या अमेरिकेच्या सातव्या आरमारापासून सुरू होते, म्हणजे डिसेंबरपासून. खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झाला होता.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. तीनशेच्या सभागृहात हे स्पष्ट बहुमत. पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष जनरल याह्या खान यांनी सभागृह बोलावणं लांबणीवर टाकलं, ढाक्यात बोलणी चालू ठेवली आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर रस्त्यावर उतरवलं. विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमध्ये विद्यार्थी मारले गेले, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या जाळल्या गेल्या.

ढाक्यात त्या वेळी अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते आर्चर ब्लड. परदेशी पत्रकारांना लष्कराने हाकलून दिलं होतं, त्यामुळे जे पाहिलं ते कळवणारे उरले होते ते हेच लोक. २८ मार्चला ब्लड यांनी जी तार पाठवली तिचं शीर्षकच 'निवडक वंशसंहार' असं होतं. वॉशिंग्टनकडून उत्तर नाही. दिवसामागून दिवस तारा जात राहिल्या, उत्तर नाही. मग ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकन अधिकाऱ्यांनी सह्या करून थेट असहमतीची तार पाठवली. आपल्या सरकारने लोकशाही दडपण्याचा निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, आणि हा एका सार्वभौम देशाचा अंतर्गत प्रश्न आहे असं म्हणत नैतिक हस्तक्षेपसुद्धा करायचा नाही असं ठरवलं, हा तिचा आशय. 'नैतिक दिवाळखोरी' हे शब्द त्यात आहेत. नोकरीत असलेल्या माणसांनी स्वतःच्या सरकारला लिहिलेले.

ब्लड यांनी ही तार फार गुप्त न ठेवता पाठवली, त्यामुळे ती परराष्ट्र खात्यात बऱ्याच टेबलांवर पोचली. तिथल्या दक्षिण आशियाच्या जाणकार नऊ अधिकाऱ्यांनी परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांना पत्र लिहून तिला पाठिंबा दिला. दिल्लीतले राजदूत केनेथ कीटिंग, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे माजी सेनेटर, तेही हेच सांगत होते. म्हणजे त्या भागात प्रत्यक्ष बसलेली, भाषा जाणणारी जवळजवळ सगळी माणसं एका बाजूला, आणि निक्सन व त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर दुसऱ्या बाजूला.

२८ एप्रिलला किसिंजर यांनी निक्सनपुढे धोरणाचे पर्याय ठेवले. निक्सन यांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं : सर्वांसाठी, या घडीला याह्यांना पिळू नका. त्यातल्या 'नका'खाली तीन रेघा मारल्या आहेत.

ब्लड यांना ढाक्यातून परत बोलावलं. पुढे त्यांना राजदूतपद कधीच मिळालं नाही.

ज्या प्रश्नासाठी धागा काढला तो असा. अमेरिकेला कळलं नाही, असं इथे म्हणताच येत नाही. मग कळूनही गप्प बसण्याचं जे कारण दिलं जातं, चीनचं, ते कितपत टिकतं?

तटस्थ

चांगला विषय आणि मांडणीही तारखेनिशी आहे. पण दुसरी बाजू पूर्ण ताकदीने मांडायला हवी, नाहीतर धाग्याचा निकाल आधीच लागलेला असेल.

१९४९ पासून अमेरिका आणि चीनचे संबंध नव्हते. व्हिएतनाममध्ये अमेरिका रुतली होती. १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. अशा वेळी चीनशी बोलणं सुरू होणं म्हणजे शीतयुद्धाचा पट पालटणं होतं, आणि तो पालटलाही. ती वाट याह्यांमार्फत उघडत होती. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा निर्णायक निरोप पाकिस्तानी राजदूत हिलाली यांनी २७ एप्रिलला किसिंजरच्या हाती दिला. ज्या टिपणावर 'पिळू नका' लिहिलं गेलं त्याची तारीख त्याच्या दुसऱ्याच दिवसाची आहे. हा योगायोग नाही. त्या टेबलाशी बसलेल्या माणसाने त्या दिवशी काय करायला हवं होतं? हा प्रश्न सोपा नाही, आणि त्याचं उत्तर १९७१ साली जगात कोणाकडे होतं असं मला वाटत नाही.

दुसरं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात ११. आपल्या बाजूला सोव्हिएत संघ, त्याचे मित्रदेश आणि भूतान. म्हणजे 'दुसऱ्या देशाचा अंतर्गत प्रश्न' ही भूमिका एकट्या अमेरिकेची नव्हती. वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या देशांना आपापल्या सीमांची काळजी होती. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राचं युद्ध १९७० मध्येच संपलेलं.

डाकघर

माझ्या पिढीसाठी १९७१ म्हणजे पाच पैशांचं जादा तिकीट. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर निर्वासित साहाय्याचा पाच पैसे अधिभार लागला. सुरुवातीला छापलेली तिकिटं पुरली नाहीत म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ठिकठिकाणी 'निर्वासित साहाय्य' असा शिक्का मारून काम भागवलं गेलं. हातशिक्क्यांचे इतके प्रकार झाले की आता संग्राहक ते शोधत फिरतात. मार्च १९७३ अखेरपर्यंत तो कर होता.

अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. रेल्वेचं तिकीट, वर्तमानपत्र, टपाल, सगळीकडून पैसा गोळा करावा लागत होता. सरकारी मोजणीप्रमाणे निर्वासितांचा आकडा वर्षअखेर ९९ लाखांच्या घरात गेला. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास, आणि तिथे चौदा लाखांच्या आसपास माणसं येऊन पडलेली. 'अंतर्गत प्रश्न' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं की ज्या प्रश्नाची झळ शेजारच्या देशातल्या खेड्यातल्या पोस्टकार्डापर्यंत पोचते तो अंतर्गत कसा राहील? याच मुद्द्यावर इंदिराबाई जगभर फिरल्या.

बेळगावी

या विषयात आमच्या गावचा एक माणूस आहे आणि त्याचं नाव मराठी लिखाणात फारसं येत नाही म्हणून लिहितो. अँथनी मस्कारेन्हस. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, जन्म बेळगावचा, शिक्षण कराचीत आणि पत्रकारिताही कराचीतच. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पाकिस्तानी पत्रकारांना पूर्वेत नेलं, सगळं सुरळीत आहे असं लिहावं म्हणून. बाकीच्यांनी तसं लिहिलं. यांना ते जमेना. लंडनला जाऊन 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटले. ते म्हणाले छापतो, पण आधी बायकामुलांना पाकिस्तानबाहेर काढा. कुटुंब बाहेर पडलं, मग हे स्वतः सीमा ओलांडून अफगाणिस्तानात उतरले. १३ जून १९७१ च्या अंकात दोन पानं भरून लेख आला, वर एकच शब्द : वंशसंहार.

पूर्वरंग यांच्या मुद्द्याला ही जोड. जूनच्या मध्यापर्यंत ही माहिती गुप्त तारांपुरती राहिली नव्हती. लंडनमध्ये रविवारी सकाळी कोणीही विकत घेऊन वाचू शकत होतं.

न्यूजर्सीकर

मी इथे अमेरिकेत आलो त्याच्या बऱ्याच नंतर, पण आमच्या बंगाली शेजाऱ्यांकडून या काळाबद्दल पुष्कळ ऐकलं आणि मग वाचत गेलो. अमेरिका म्हणजे फक्त व्हाइट हाउस असं या चर्चेत होऊ नये म्हणून लिहितो.

२२ जून १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की पाकिस्तानी जहाजं लष्करी सामान घेऊन न्यूयॉर्कहून जात आहेत : 'सुंदरबन्स' मे महिन्यातच गेलं, 'पद्मा' निघायच्या बेतात आहे. परराष्ट्र खातं तोवर सांगत होतं की मार्चनंतर शस्त्रं दिलेली नाहीत. स्पष्टीकरण आलं की हे आधीच्या परवान्यांचं सामान आहे. 'पद्मा' बाल्टिमोरला येणार म्हटल्यावर फिलाडेल्फियाकडचे शांततावादी क्वेकर पंथाचे लोक आणि त्यांचे मित्र छोट्या वल्ह्याच्या होड्या घेऊन बंदरात उतरले, त्या अजस्र जहाजाच्या वाटेत. पोलिसांनी त्यांना पकडलं. पण गोदी कामगारांपर्यंत गोष्ट पोचली. त्यांच्या संघटनेने ठरवलं की पाकिस्तानचं लष्करी सामान चढवायचं नाही, आणि फिलाडेल्फियाच्या गोदीत ऑगस्टमध्ये 'अल अहमदी' जहाजावर त्यांनी माल चढवला नाही. रोजंदारी बुडवून. मला या सगळ्या प्रकरणात ही माणसं सगळ्यात मोठी वाटतात. त्यांना ढाका नकाशावर दाखवता आलं असतं की नाही कोण जाणे.

१ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मैफल केली, ते सर्वांना ठाऊक आहेच. त्याच महिन्यात सेनेटर एडवर्ड केनेडी निर्वासित छावण्यांमध्ये चिखल तुडवत फिरले. याह्यांनी त्यांना पूर्व पाकिस्तानात येऊ दिलं नाही. आणि सेनेटर फ्रँक चर्च आणि विल्यम सॅक्सबी यांनी पाकिस्तानची मदत थांबवायची दुरुस्ती मांडली. हेच सॅक्सबी पुढे भारतात राजदूत म्हणून आले.

दवाखाना

न्यूजर्सीकर यांना अनुमोदन, आणि थोडं अवांतर. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाकिटं करून वाटलं, नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आज प्रत्येक अंगणवाडीत असलेल्या जलसंजीवनीला मान्यता मिळण्यात त्या छावणीचा मोठा वाटा आहे. डॉक्टर कोलकात्यात ज्या केंद्रात काम करत होते ते अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं. निर्वासितांसाठी अमेरिकेने पैसाही बराच दिला. म्हणजे एका हाताने छावणीला औषध आणि दुसऱ्या हाताने छावणी भरणाऱ्याला पाठबळ. मला डॉक्टर म्हणून यातलं औषध नाकारता येत नाही, पण राग येतो तो याच जोडीचा येतो.

पूर्वरंग

सगळ्यांचे आभार. बेळगावी, मस्कारेन्हस यांच्यावर इथे स्वतंत्र लेख हवा, तुम्हीच लिहा.

तटस्थ, तुमचा मुद्दा मला हवाच होता, कारण सगळं तिथेच अडतं. तारखांकडे पुन्हा पाहू.

एप्रिल ते जुलै, समजा मी मान्य केलं की याह्यांची गरज होती. (रोमानियाच्या चाउशेस्कूंमार्फतही निरोप चालू होते, पण चीनने पाकिस्तानची वाट पसंत केली हेही खरं.) जुलैच्या सुरुवातीला किसिंजर इस्लामाबादला आले, पोट बिघडल्याचं सांगून नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी आराम करत असल्याची बतावणी झाली आणि ९ ते ११ जुलै ते बीजिंगमध्ये चौ एन-लाय यांच्याशी बोलत होते. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सगळ्या जगाला सांगितलं की मी चीनला जाणार. गुपित संपलं. बीजिंगमध्येच ठरलं की यापुढची बोलणी पॅरिसमधून होतील, तिथे अमेरिकेचे लष्करी प्रतिनिधी व्हर्नन वॉल्टर्स आणि चीनचे राजदूत हुआंग चेन भेटतील. निरोप्याचं काम झालं होतं.

मग ऑगस्टमध्ये काय बदललं? काहीच नाही. सप्टेंबरमध्ये? नाही. जूनमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांनी पाकिस्तानची नवी मदत लांबणीवर टाकली होती, बँकेच्याच पाहणी पथकाचा भीषण अहवाल जुलैत वर्तमानपत्रांत फुटला होता. जवळजवळ सगळे दाते मागे सरत असताना व्हाइट हाउस याह्यांना सांभाळत राहिलं. ज्या कारणासाठी मार्च ते जुलै माणसं मरू दिली असं सांगितलं जातं, ते कारण जुलैत संपलं आणि धोरण डिसेंबरपर्यंत तसंच चाललं. म्हणून मला चीनचं कारण पुरेसं वाटत नाही. ते खरं आहे, पण चार महिन्यांपुरतं.

तटस्थ

हा युक्तिवाद जोरदार आहे. तरीही एक धागा राहतो. किसिंजर यांच्या दृष्टीने जुलैनंतर प्रश्न निरोप्याचा नव्हता, विश्वासाचा होता. बीजिंग पाहत होतं की अडचणीत आलेल्या मित्राला अमेरिका सोडते की नाही. त्यातच ९ ऑगस्टला आपण सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. वॉशिंग्टनला त्या दिवसापासून हे भांडण ढाक्याचं दिसेनासं झालं आणि मॉस्कोचं दिसू लागलं. नोव्हेंबरमध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी मन बनलेलं होतं.

आणि आपण स्वतःशीही खरं बोलू. भारत केवळ करुणेपोटी उतरला नव्हता. पूर्वेतल्या बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीला शस्त्रं आणि प्रशिक्षण आपण डिसेंबरच्या किती आधीपासून देत होतो. पाकिस्तानचे दोन तुकडे होणं आपल्या हिताचं होतं आणि हक्सर, डी. पी. धर यांच्यासारखे सल्लागार ते उघड्या डोळ्यांनी पाहत होते. मोठ्या सत्तेला स्वार्थी म्हणताना शेजारच्या मध्यम सत्तेला फक्त दयाळू म्हणू नये.

डाकघर

तटस्थसाहेब, स्वार्थ होता, मान्य. पण आपल्या स्वार्थाची आणि त्या माणसांच्या घरी परत जाण्याची दिशा एकच होती. वॉशिंग्टनच्या स्वार्थाची दिशा उलटी होती. हा फरक लहान नाही.

मध्यरात्र

मी आफ्रिकेवर काम केलं आहे, त्यामुळे हे वाचताना सारखं रवांडा आठवत होतं. १९९४. तिथे चीनसारखं कुठलंही कारण नव्हतं. भीती होती सोमालियाची : ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मारले गेले आणि त्यानंतर क्लिंटन प्रशासनाने आफ्रिकेतल्या कुठल्याच झगड्यात पाय घालायचा नाही असं ठरवल्यासारखं केलं. ६ एप्रिलच्या रात्री रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं, कत्तल सुरू झाली. कॅनडाचे जनरल दालेर तिथे शांतिसेना घेऊन होते, कुमक मागत होते. २१ एप्रिलला सुरक्षा समितीने अडीच हजारांच्या आसपास असलेली ती सेना २७० वर आणायचं ठरवलं. वाढवायची तिथे कमी केली. वॉशिंग्टनचा त्याला पाठिंबा होता. शंभर दिवसांच्या आसपास चाललेल्या त्या संहारात मेलेल्यांचे अंदाज पाच ते आठ लाखांच्या घरात आहेत. क्लिंटन मार्च १९९८ मध्ये किगालीला गेले आणि विमानतळावरच त्यांनी आपण पुरेसं केलं नाही असं सांगितलं.

मला यातून दिसतं ते हे : १९७१ मध्ये अमेरिकेचा हितसंबंध होता म्हणून ती गप्प, १९९४ मध्ये हितसंबंध नव्हता म्हणून गप्प. दोन्ही वेळा आतल्या माणसांनी वेळेवर सांगितलं होतं. त्यामुळे 'हितसंबंध आड आले' हे स्पष्टीकरण मला आता पुरत नाही. मरणारी माणसं कोणाच्याही मतदारसंघात नसतात, आणि गप्प राहिल्याची किंमत त्या राज्यकर्त्यांच्या हयातीत त्यांना मोजावी लागत नाही. खरं कारण मला हे वाटतं.

न्यूजर्सीकर

मध्यरात्र, किंमत अगदीच मोजावी लागली नाही असं नाही. डिसेंबर १९७१ च्या बैठकांची टिपणं पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागली आणि त्यांनी ती छापली. भारताविरुद्ध पुरेसे कडक होत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला मला फैलावर घेतात, त्यांना पाकिस्तानच्या बाजूला झुकायचं आहे, असं किसिंजर ३ डिसेंबरच्या बैठकीत म्हणाले होते. बाहेर मात्र तटस्थतेच्या गप्पा. अँडरसन यांना त्यासाठी १९७२ चं पुलित्झर मिळालं. तेव्हा नाचक्की झाली. पण त्याच वर्षी निक्सन प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले आणि १९७३ मध्ये किसिंजर परराष्ट्रमंत्री झाले, नोबेलही मिळालं. हे लिहिताना तुमचंच म्हणणं बळकट होतंय हे खरं.

अनामवाचक

सातव्या आरमाराबद्दल कोणी लिहील का? त्यातली 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका खरंच हल्ला करायला आली होती का? लहानपणापासून दोन्ही ऐकलंय.

पूर्वरंग

थोडक्यात सांगतो, कारण यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. १० डिसेंबरला तुकडी निघाली, मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून १५ तारखेच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात आली. जाहीर कारण अमेरिकन नागरिकांना बाहेर काढण्याचं, पण १२ तारखेपर्यंत बहुतेक परदेशी ब्रिटिश विमानांनी ढाक्यातून निघूनही गेले होते. हल्ल्याचा आदेश असल्याचं कागदपत्रांत दिसत नाही. धाक दाखवायचा होता, आपल्यापेक्षा मॉस्कोला जास्त.

माझ्या मते त्याच १० डिसेंबरची दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती आपल्याकडे फार बोलली जात नाही. त्या दिवशी किसिंजर न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांमधले चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांना भेटले आणि सुचवलं की चीनने भारताच्या सीमेवर हालचाल केली आणि त्यात दुसरं कोणी पडलं, तर अमेरिका चीनच्या बाजूने उभी राहील. दुसरं कोणी म्हणजे सोव्हिएत संघ. जॉर्डनकडची अमेरिकन बनावटीची एफ-१०४ विमानं पाकिस्तानला द्यायची असंही चाललं होतं, अमेरिकेच्याच वकिलांनी हे कायद्यात बसत नाही असं सांगितलेलं असताना. १२ डिसेंबरला चीनकडून निरोप आहे म्हटल्यावर व्हाइट हाउसमध्ये सगळ्यांना वाटलं की चीन उतरतोय. निरोप निघाला युद्धबंदीला तयार असल्याचा. चीन हलला नाही. हिमालयात बर्फ होतं हे एक, आणि बीजिंगला याह्यांसाठी मोठं युद्ध नको होतं हे दुसरं.

म्हणजे ज्या मित्राला इंप्रेस करायला हे सगळं केलं, त्याने स्वतः त्या भांडणात पाऊल टाकलं नाही. तटस्थ, तुमच्या विश्वासाच्या मुद्द्यावर माझं उत्तर हेच आहे.

तटस्थ

मान्य. डिसेंबरचं समर्थन मी करत नाही, ते कुणालाच करता येणार नाही. माझा आग्रह एप्रिलपुरता होता आणि आहे.

पण आतल्या असहमतीबद्दल एक सांगतो. असहमतीची ही अधिकृत वाट व्हिएतनामच्या काळात सुरू झाली आणि ढाक्याची तार हा तिचा सगळ्यात गाजलेला वापर. जून २०१६ मध्ये याच वाटेने ५१ अधिकाऱ्यांनी सीरियात असादच्या फौजांवर हवाई हल्ले करा असं लिहून दिलं. ते बरोबर होते का? मला नाही वाटत. आतल्या माणसाने लिहिलं म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. ब्लड बरोबर ठरले हे आपण आज बोलतोय, बांगलादेश झाल्यावर.

पूर्वरंग

ब्लड बरोबर 'ठरले' एवढंच नाही, त्यांनी ते आधी लिहून दिलं होतं. ६ एप्रिलच्या तारेला त्यांनी स्वतःची टिप्पणी जोडली आहे. पदावर असेपर्यंत सही करणं मला योग्य वाटत नाही, पण या मतांशी मी सहमत आहे, असं म्हणून पुढे लिहितात की या झगड्याचा शेवट बहुधा स्वतंत्र बांगलादेशात होईल, तेव्हा हरण्याची शक्यता असलेल्याची एकतर्फी बाजू घेऊन जिंकणाऱ्यांना दुखावणं मूर्खपणाचं आहे. एप्रिलमध्ये. मुक्तिवाहिनी अजून नीट उभीही राहिली नव्हती.

म्हणून 'नीती विरुद्ध राष्ट्रहित' अशी या प्रसंगाची मांडणी करतात ती मला पटत नाही. ढाक्याहून दोन्ही गोष्टी एकाच कागदावर गेल्या होत्या. वॉशिंग्टनने नीती बाजूला ठेवली आणि त्याचा हिशेबही चुकला. १६ डिसेंबरला पूर्वेतले पाकिस्तानी सेनापती नियाझी यांनी शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी, आणि ज्या भारताला अमेरिकेला मॉस्कोपासून दूर ठेवायचं होतं तो मॉस्कोच्या आणखी जवळ गेला. बांगलादेशाला अमेरिकेने मान्यता दिली ती ४ एप्रिल १९७२ ला.

मध्यरात्र

आणि त्यानंतरही १९७४. दुष्काळात बांगलादेशाला अमेरिकेचं धान्य हवं होतं, आणि ते अडून राहिलं कारण त्या देशाने क्यूबाला तागाच्या गोण्या विकल्या होत्या. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला त्या योजनेतून धान्य नाही, असा कायदा. धान्य यायला उशीर झाला, तोवर रंगपूरकडे माणसं भुकेने मेली. दुष्काळाची कारणं अनेक होती, पूर होता, साठेबाजी होती, मजुरी बुडाली होती. पण त्या वेळी तो नियम पुढे करणं हा निर्णय होता, आणि तोही कोणीतरी टेबलाशी बसून घेतला.

अनामवाचक

शेवटचा प्रश्न विचारतो. समजा व्हाइट हाउसने ब्लड यांचं ऐकलं असतं. अमेरिका नेमकं काय करू शकत होती? सैन्य तर पाठवणार नव्हती.

पूर्वरंग

सैन्य कोणी मागितलंच नव्हतं. ढाक्याच्या तारेतही नाही.

दबाव चालत होता याचा पुरावा त्याच वर्षातला आहे. ऑगस्टमध्ये याह्यांनी मुजीब यांच्यावर गुप्त लष्करी खटला सुरू केला, शिक्षा फाशीची होणार हे दिसत होतं. तेव्हा अमेरिकेचे राजदूत फार्लंड यांनी खासगीत याह्यांशी हा विषय काढला आणि मुजीब यांना फासावर देणार नाही असा शब्द मिळवला. इतरांनीही दबाव आणला होता, सगळं श्रेय अमेरिकेला देता येणार नाही. पण वॉशिंग्टनने बोलायचं ठरवलं तर याह्या ऐकून घेत होते एवढं नक्की. मुजीब जानेवारी १९७२ मध्ये जिवंत ढाक्यात उतरले.

मग जे एका माणसासाठी बोललं गेलं ते खेड्यांसाठी बोलता आलं असतं. जाहीर निषेधाचं एक निवेदन. जागतिक बँकेच्या गटात बाकीच्या दात्यांच्या बरोबर उभं राहणं. निर्वासित परत येऊ शकतील अशी अट मदतीला घालणं, हिंदूंना वेगळं काढून मारणं थांबवा हे याह्यांना तोंडावर सांगणं. आणि शस्त्रांचे परवाने. ते नोव्हेंबर १९७१ मध्ये शेवटी रद्द केलेच. पॅरिसची वाट जुलैत उघडली होती, म्हणजे ऑगस्टमध्ये तेच करायला चीनची अडचण नव्हती, कायद्याची नव्हती, आणि त्याला एक डॉलरही खर्च नव्हता.